मैफलीतील निवेदन : एका जुन्या वादाचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

संगीताच्या जाहीर कार्यक्रमात एक गीत संपून दुसरे सुरू होईपर्यंत जो काळ जातो, तो कशाने भरावा, किंबहुना तो मुळी भरावाच काय, हा प्रश्न वरकरणी किरकोळ व्यवस्थेचा दिसत असला, तरी आपल्याकडील रसिकवर्गात त्याविषयी इतकी भिन्न आणि इतकी ठाम मते आढळतात की, त्यांचा एकदा शांतपणे हिशेब मांडणे अगत्याचे झाले आहे. भावगीतांचा कार्यक्रम ऐकून परतणारे श्रोते नाट्यगृहाच्या जिन्यावरच दोन पक्षांत विभागलेले असतात : गाणी उत्तम झाली, पण बोलणे फार झाले, असे एकाचे म्हणणे; तर गाणी काय, घरीही ऐकता येतात, त्यांच्यामागील हकीकती ऐकण्यासाठीच तर तिकीट काढले होते, असे दुसऱ्याचे.

या वादाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. वाद कोठून उद्भवला, त्यातील पक्ष काय म्हणतात आणि कोणत्या बाबी अद्याप अनिर्णित आहेत, एवढेच येथे क्रमाने पाहावयाचे आहे. मात्र आरंभीच एक खुलासा करून ठेवणे बरे. 'कार्यक्रमातील बोलणे' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोडतात : गायक-वादकाने स्वतः केलेले बोलणे, त्यासाठी मुद्दाम नेमलेल्या निवेदकाचे बोलणे, आणि दीपप्रज्वलन, सत्कार, प्रायोजकांची नामावळी इत्यादी आयोजकांचा कारभार. तिसऱ्या गोष्टीविषयीची नाराजी पुष्कळदा पहिल्या दोहोंच्या खाती मांडली जाते, आणि त्यामुळे चर्चेत विनाकारण कटुता येते. पुढील विवेचन प्रायः पहिल्या दोन प्रकारांपुरते आहे.

२. पूर्वपीठिका : कीर्तन आणि बैठक

महाराष्ट्रात गाणे आणि बोलणे यांची मुळात फारकत नव्हती. नारदीय कीर्तनात नमनानंतर पूर्वरंगात संतवचनाचे निरूपण, मध्यंतरी नामघोष आणि उत्तररंगात त्याच सिद्धान्ताला पुष्टी देणारे आख्यान अशी जी रचना रूढ झाली, तीत अभंग, साकी, दिंडी, आर्या आणि गद्य निरूपण ही एकाच कीर्तनकाराच्या मुखातून इतक्या सहजतेने एकमेकांत मिसळतात की, येथे गाणे थांबले आणि बोलणे सुरू झाले, अशी रेघ ओढताच येत नाही. पोवाडा गाणारा शाहीर प्रसंगाचा दुवा गद्यात जोडून देतो. तमाशात गण आणि गौळणीनंतर बतावणीला आपले हक्काचे स्थान असते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यानंतर जे संगीत नाटक बहरले, त्यातही पदाची भूमी संवादानेच तयार होत असे. तेव्हा मराठी श्रोत्याच्या कानाला बोलण्यातून गाण्यात आणि गाण्यातून बोलण्यात जाण्याची सवय शतकांची आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

खयाल-ठुमरीच्या बैठकीचा दस्तूर मात्र निराळा होता. संस्थानिकाच्या दिवाणखान्यात किंवा एखाद्या शौकीन धनिकाच्या माडीवर जमणाऱ्या मोजक्या जाणकारांसमोर गाणारा उस्ताद मौनी नसे. ज्येष्ठांची इजाजत घेणे, गुरूचे नाव उच्चारताना कानाची पाळी धरणे, दादेला अदबीने उत्तर देणे, फर्माईश स्वीकारणे वा गोडीने टाळणे, हे सारे बोलणेच होते. पण ते समोरासमोरचे, दोन ओळखीच्या माणसांतले बोलणे होते. समुदायाला उद्देशून केलेले भाषण नव्हते. रागाचे नाव सांगण्याची रीत तर नव्हतीच, कारण राग ओळखणे ही श्रोत्याची परीक्षा समजली जाई, आणि अनवट रागांची नावे व बंदिशींचे शब्द ही कित्येक घराण्यांत जपून ठेवण्याची मिळकत मानली जात असे.

आजच्या वादाचे मूळ या दोन वारशांत आहे. कीर्तनाचा वारसा बोलण्याला गाण्याचा सहोदर मानतो, तर बैठकीचा वारसा जाणकारीला गृहीत धरून बोलण्याची गरजच नाकारतो. आणि मराठी रसिक हा एकाच वेळी दोघांचाही वारसदार आहे.

३. जाहीर जलसा, तबकडी आणि आकाशवाणी

विसाव्या शतकाच्या आरंभी परिस्थितीत झपाट्याने पालट झाला. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकिटे लावून जाहीर जलसे करण्याचा प्रघात पाडला. १९१६ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. राग न ओळखणारा, पण ऐकण्याची इच्छा असलेला आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजणारा श्रोता प्रथमच समोर येऊन बसला. त्याला काही सांगावयाचे की नाही, हा प्रश्न येथून पुढे टाळता येण्यासारखा राहिला नाही.

ध्वनिमुद्रणाने या प्रश्नाला एक अनपेक्षित वळण दिले. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाण्याच्या अखेरीस त्या इंग्रजीतून आपले नाव उच्चारीत. कारण मुद्रणे जर्मनीतील हानोव्हर येथे रवाना होत आणि तबकडी कोणाची हे तेथील कारागिरांना समजणे जरूर असे. म्हणजे हिंदुस्थानी संगीताच्या तबकडीवर गाण्याला लागून जे शब्द पहिल्याप्रथम आले, ते निव्वळ दप्तरी सोयीचे होते. परंतु ऐकणाऱ्यांना त्यांचीही गोडी लागली आणि ती नाममुद्रा गायिकेच्या कीर्तीचा भाग होऊन बसली.

पुढे आकाशवाणीने एक संयत नमुना घालून दिला. अदृश्य श्रोत्याला गायकाचे नाव, राग, ताल आणि साथीदार एवढा मजकूर तीन-चार वाक्यांत सांगून उद्घोषक बाजूला होई. १९५३ साली पुण्यात सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या संमेलनांतही, हजारो श्रोत्यांसमोर, हाच नमुना कामी आला. निवेदक आनंद देशमुख यांचा आवाज या महोत्सवाच्या नित्य श्रोत्यांना इतका परिचित झाला की, त्या आवाजाशिवाय महोत्सवाची कल्पना त्यांना करवत नाही. ध्वनिक्षेपक आल्यामुळे हे शक्य झाले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच्या अभावी मोठ्या मंडपात गाणे पोहोचविणेच कष्टाचे होते, तेथे बोलण्याचा विचार कोण करणार!

४. सुगम संगीत आणि निवेदकाचा उदय

शास्त्रीय संगीतात जे काम दोन-चार वाक्यांत भागते, ते सुगम संगीतात भागत नाही, कारण तेथे शब्द हा गाण्याचा अर्धा प्राण असतो. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची आवड लोकांत रुजविली, आणि गजानन वाटवे यांनी गणेशोत्सवाच्या मांडवांत ती गावोगावच्या हजारोंपर्यंत नेली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. त्याच्या छप्पन्न गीतांपैकी बहुतेक गीते कथेतील कोणा ना कोणा पात्राच्या मुखी आहेत. आता हे कोण बोलत आहे, कोणत्या प्रसंगी आणि कोणाशी, एवढे तरी सांगितल्यावाचून ही गीते क्रमाने रंगमंचावर सादर करता येत नाहीत. येथे निवेदन ही सजावट राहिली नाही. ती रचनेचीच निकड झाली.

पुढील पिढीत निवेदन हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. पुण्याच्या 'स्वरानंद' संस्थेने 'मंतरलेल्या चैत्रबनात'सारखे, एका कवीची वा संगीतकाराची गीते सूत्रबद्ध रीतीने मांडणारे कार्यक्रम लोकप्रिय केले, आणि सुधीर गाडगीळ, भाऊ मराठे, मंगला खाडिलकर आदींची नावे जाहिरातींत गायकांच्या बरोबरीने झळकू लागली. दुसऱ्या बाजूस सप्रयोग व्याख्यानाची परंपरा वाढत होती : डॉ. वसंतराव देशपांडे यांनी नाट्यसंगीताची वाटचाल गाऊन आणि बोलून उलगडली, डॉ. अशोक दा. रानडे यांनी 'देवगाणी', 'बैठकीची लावणी' अशा कार्यक्रमांतून संशोधन आणि रंजन यांची सांगड घातली. स्वतः कलावंतच निवेदक झाल्याची ठळक उदाहरणे म्हणजे पं. हृदयनाथ मंगेशकर यांचा 'भावसरगम', ज्यात आठवणींना गीतांइतकेच महत्त्व असते, आणि २००३ पासून संदीप खरे व सलील कुलकर्णी सादर करीत आलेला 'आयुष्यावर बोलू काही', ज्यात कविता, गप्पा आणि गाणे यांच्या सीमा बुद्ध्याच पुसलेल्या आहेत.

५. अन्यत्रचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपला नाही. १८४० साली लंडनमध्ये एकट्याने पियानोवादनाचे कार्यक्रम करणारा फ्रान्झ लिस्ट दोन रचनांच्या मध्ये मंचावरून उतरून श्रोत्यांत मिसळत व गप्पा मारीत असे. आणि त्याच युरोपात पुढे सभागृहातील कडक शांतता हीच शिष्टाचाराची खूण ठरली. अमेरिकेत लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ ते १९७२ या काळात बालश्रोत्यांसाठी केलेल्या, दूरचित्रवाणीवरूनही दाखविलेल्या कार्यक्रमांत विवेचनाला वादनाइतकाच मान होता. पण त्याच बर्नस्टाइन यांनी एप्रिल १९६२ मध्ये ब्राम्सच्या एका रचनेपूर्वी, पियानोवादक ग्लेन गूल्ड यांची मांडणी आपणास पटलेली नाही असे श्रोत्यांना सांगितले, तेव्हा वाद्यवृंदाच्या संचालकाने असे बोलावे काय, यावर मोठा गदारोळ झाला.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात पं. रविशंकर यांनी अपरिचित श्रोत्यांना आरंभीच चार शब्द सांगितले, धूम्रपान न करण्याची विनंती केली, आणि वाद्ये जुळविण्यालाच वादन समजून टाळ्या पडल्या, तेव्हा सौम्य विनोदाने तो गैरसमज दूर केला. चेन्नईच्या म्युझिक अकादमीने वेगळाच तोडगा काढला आहे. तेथील डिसेंबर महिन्याच्या उत्सवात सकाळी सप्रयोग व्याख्याने होतात आणि कचेरी, म्हणजे मैफल, नंतर. बोलणे आणि गाणे यांना स्वतंत्र वेळा नेमून दिल्यामुळे तंटा बराचसा मिटतो.

६. मौनाचा पक्ष

निवेदनाला विरोध करणाऱ्यांचा पहिला मुद्दा रससिद्धीचा आहे. राग पूर्ण झाल्यावर त्याचा जो संस्कार चित्तावर रेंगाळतो, तो संगीतानुभवाचाच उत्तरार्ध असून, त्यावर लागलीच शब्दांचा मारा केल्यास तो पुसला जातो, असे ते म्हणतात. स्वरांना स्वतःची स्वतंत्र भाषा आहे आणि अर्थवाही शब्द त्या भाषेला मर्यादा घालतात, हा किशोरी आमोणकर यांनी आग्रहाने मांडलेला विचार या पक्षाला तात्त्विक बळ देतो. श्रोत्यांच्या कुजबुजीनेही त्यांचे गाणे थांबत असे, हे सर्वश्रुत आहे.

दुसरा मुद्दा श्रोत्याच्या स्वातंत्र्याचा. हे गीत विरहाचे आहे, हा राग करुण आहे, येथे कवीच्या डोळ्यांत पाणी आले होते, असे आधीच सांगून टाकल्यावर श्रोता स्वतःच्या वाटेने त्या गीतापर्यंत जातच नाही. तिसरा मुद्दा व्यवहाराचा : तंबोरे जुळविणे, तबल्याचा सूर मिळविणे, क्षणभर श्वास घेणे यांसाठी लागणारी विश्रांती शांततेतही घेता येते, तिच्यासाठी किस्स्यांची जरुरी नाही. शिवाय रसिक तिकीट काढतो ते गाण्याचे, हे या पक्षाचे अंतिम आणि रोखठोक म्हणणे आहे.

७. निवेदनाचा पक्ष

याला दिले जाणारे उत्तरही दुर्बल नाही. बैठकीतला श्रोता आधीच तयार होऊन येई, म्हणून तेथील मौन अर्थपूर्ण होते. आजच्या आठशे-हजार आसनांच्या नाट्यगृहात तेच मौन अनेकांच्या बाबतीत केवळ दुरावा निर्माण करते. ब्रज भाषेतील बंदिश किंवा तीन-चारशे वर्षांपूर्वीचे पद कानावर पडते, तरी त्याचा अर्थ श्रोत्याला सहज उमगत नाही. पण मुखड्याच्या अर्थाचे दोन शब्द सांगितले, तर तोच श्रोता आलापीतील भावाच्या छटा अधिक सूक्ष्मतेने ऐकतो. मेहदी हसन आणि गुलाम अली यांच्यासारखे गझलगायक रागाची जागा वा शेराचा शब्द उलगडून दाखवीत आणि मग तोच शेर पुन्हा गात, तेव्हा श्रोत्यांचा प्रतिसाद दुणावत असे. गझलेत तर प्रत्येक शेर स्वतंत्र असल्यामुळे बोलण्याला गाण्याच्या मध्येही जागा सापडते. ती मुशायऱ्याची देणगी होय.

या पक्षाचा दुसरा मुद्दा न्यायाचा आहे, आणि तो बहुधा सर्वांत भक्कम आहे. लोकप्रिय गीत गायकाच्या नावाने ओळखले जाते. कवी, संगीतकार, मूळ गायक, वादक यांची नावे विस्मृतीत जातात. ती नावे चारचौघांत घेण्याची एकमेव जागा म्हणजे दोन गीतांमधील अवकाश. निवेदनाचे कट्टर विरोधकही या एका गोष्टीला हरकत घेत नाहीत. तिसरा मुद्दा परदेशस्थ मराठी कुटुंबांचा : तेथील मंडळांच्या कार्यक्रमांना येणाऱ्या दुसऱ्या पिढीला मराठी समजते, पण कवितेतील मराठी सहजी उमजत नाही, त्यांच्यापुरते तरी निवेदन हे गीतापर्यंत जाण्याचे दार ठरते.

८. बोलावे कोणी?

निवेदन असावे हे मान्य केल्यावरही ते कोणी करावे, याविषयी मतभेद उरतातच. गायकाने स्वतः बोलावे असे म्हणणाऱ्यांच्या मते त्याच्या शब्दांना अनुभवाचा आधार असतो आणि मंचावरचा माणूस व त्याचे गाणे यांत एकवाक्यता राहते. याउलट, गाण्याच्या आवाजाची बैठक बोलण्याने मोडते, एकदा बोलू लागलेल्या कलावंताला थांबविण्याचा अखत्यार कोणालाच नसतो, आणि उत्तम गायक हा उत्तम वक्ता असेलच असे नाही, म्हणून हे काम तिऱ्हाइतावर सोपवावे, असे दुसरे मत आहे. त्यावर आक्षेप असा की, व्यावसायिक निवेदक स्वतःच आकर्षणाचा विषय झाला की गाणे त्याच्या विनोदांमधील विराम होऊन बसते. तिसरा, काहीसा उपेक्षित पर्याय छापील पत्रिकेचा आहे : गीतांचे शब्द, कवी-संगीतकारांची नावे व राग-तालाचा तपशील आधीच हाती दिल्यास मंचावरील शब्द पुष्कळ कमी होतील. परंतु त्यासाठी कार्यक्रम आधी निश्चित व्हावा लागतो, आणि ऐनवेळी, वेळ व श्रोते पाहून, राग निवडण्याची मुभा हिंदुस्थानी गायक सोडावयास तयार नसतो; तो त्याच्या कलेचाच भाग आहे.

९. अनिर्णित बाबी

पहिली बाब वेळेची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, ठरावीक दिवसांची सवलत वगळता, उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. एके काळी रात्रभर चालणारी संमेलने त्यामुळे सायंकाळच्या चौकटीत आली. रात्र मोकळी असताना पाच मिनिटांचे बोलणे कोणी मोजीत नसे. आता ते सरळ गाण्याच्या खात्यातून वजा होते, आणि अखेरचा ज्येष्ठ कलावंत घड्याळाकडे पाहत गातो. निवेदनाविषयीच्या अलीकडील तक्रारींपैकी किती तक्रारी तत्त्वाच्या आहेत आणि किती या नव्या टंचाईतून आल्या आहेत, हे वेगळे काढून पाहण्याचा प्रयत्न झालेला नाही.

दुसरी बाब सत्यतेची. हे गीत पानाच्या ठेल्यावर सुचले, ही चाल दहा मिनिटांत बांधली गेली, अशा स्वरूपाच्या आख्यायिका मंचावरून वारंवार सांगितल्या जातात, आणि ऐकणारा त्यांना इतिहास समजतो. निवेदकाला रंजनाची मुभा किती आणि आधाराची जबाबदारी किती, याचा कोणताही संकेत अद्याप ठरलेला नाही. कीर्तनकाराच्या आख्यानाकडून कोणी पुराव्याची अपेक्षा करीत नाही. परंतु हयात वा नुकत्याच दिवंगत झालेल्या कलावंतांविषयी बोलताना तीच सवलत घेता येईल काय, हा प्रश्न गंभीर आहे.

तिसरी बाब ध्वनिमुद्रणाची. मैफलीची मुद्रणे प्रसिद्ध करताना मधले बोलणे बहुधा कापून टाकले जाते. श्रवणाच्या दृष्टीने ते सोयीचे असले, तरी बंदिशीविषयी, गुरूविषयी वा सुचलेल्या जागेविषयी कलावंताने सहज उच्चारलेली वाक्ये अशा रीतीने कायमची नाहीशी होतात, आणि संगीताच्या अभ्यासकाला त्यांचे मोल गाण्याहून फारसे कमी नसते.

१०. समारोप

दोन्ही पक्षांचे म्हणणे समोर ठेवले असता एवढे दिसून येते की, सर्व संगीतप्रकारांना एकच नियम लावण्याच्या हट्टातून या वादाचा मोठा भाग जन्माला आला आहे. गीतरामायणाला जे बोलणे अपरिहार्य, ते विलंबित खयालाला बाधक ठरू शकते. गझलेला जे शोभते, ते भजनाला शोभेलच असे नाही. पुढच्या गीतासाठी श्रोत्याचा कान तयार करणारे, किंवा ज्याचे श्रेय त्याच्या पदरी घालणारे बोलणे सहसा कोणालाच खटकत नाही. आक्षेप येतो तो या दोन्ही कामांवाचून लांबणाऱ्या बोलण्यावर. त्याची मर्यादा किती मिनिटांची, हे मात्र कोणत्याही पक्षाला आजवर सांगता आलेले नाही, आणि प्रकारागणिक ते बदलणारच.

म्हणून आयोजकांना आणि संग्राहकांना एकच विनंती करावीशी वाटते. कार्यक्रमांची मुद्रणे प्रसिद्ध करताना हवी तशी काटछाट खुशाल करावी, पण मूळ प्रत निवेदनासह, अखंड, जतन करावी. हा वाद आजवर बहुतांशी श्रोत्यांच्या आठवणींच्या आधाराने लढला गेला आहे. तो ऐकून, मोजून आणि तुलना करून लढावयाचा, तर त्यासाठी लागणारे साधन एवढेच आहे.